गव्हाच्या निविदेपुढे वाकलेला कायदा

९ जुलै १९९८ ला अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका छोट्या विधेयकावर मतदान झालं. बाजूने ९८ मतं पडली, विरोधात एकही नाही. पाच दिवसांनी ते प्रतिनिधीगृहातूनही मंजूर झालं आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. दोनच महिन्यांपूर्वी, अणुचाचण्यांनंतर, भारतावर आणि मागोमाग पाकिस्तानवर अमेरिकेने निर्बंध घातले होते. त्यांतून शेतमालाचा व्यापार मोकळा करणारं हे विधेयक होतं. ज्या कायद्याखाली हे निर्बंध आले, त्याची बांधणी राष्ट्राध्यक्षालाही सूट देता येऊ नये अशी मुद्दाम केलेली होती. पहिल्याच वापरात तो बदलावा लागला.

पोखरणची गोष्ट सांगताना आपण वाळवंट, शास्त्रज्ञ आणि वाजपेयींची घोषणा इथवर येऊन थांबतो. पुढची साडेतीन वर्षं वॉशिंग्टनमध्ये जे चाललं होतं, ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. निर्बंधांचा कायदा करणारे लोकप्रतिनिधी तो पुन्हा तपासायला कधी बसतात, कुणामुळे बसतात आणि दुरुस्ती कुठल्या वाटेने आत येते, हे त्या साडेतीन वर्षांत अगदी उघड दिसतं.

मुळाशी जायचं तर आधी तारापूरला जावं लागतं. मुंबईच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या या केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारल्या आणि १९६९ पासून त्या वीज देऊ लागल्या. त्यांना लागणारं समृद्ध युरेनियम १९६३ च्या करारानुसार अमेरिकेने पुरवायचं होतं. १९७४ मध्ये पोखरणला पहिला स्फोट झाला आणि गणित बिघडलं. १९७८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नवा कायदा केला. ज्या देशाचे सगळे अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीला खुले नाहीत, त्याला अणुइंधन द्यायचं नाही, असं त्यात ठरलं. करार एक सांगत होता, नंतरचा कायदा दुसरंच. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी अणुनियामक आयोगाचा नकार बाजूला ठेवून तारापूरसाठी ३८ टन इंधन पाठवायचं ठरवलं. मात्र कायद्यानुसार काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी विरोधाचा ठराव केला, तर राष्ट्राध्यक्षाचा हा निर्णय रद्द होणार होता. सप्टेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी विरोध केला. सिनेटमध्ये तोच ठराव ४६ विरुद्ध ४८ असा दोन मतांनी पडला, आणि इंधन तारापूरकडे रवाना झालं.

सिनेटमधल्या त्या विरोधाचं नेतृत्व करत होते ओहायोचे जॉन ग्लेन. १९६२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकी अंतराळवीर ते हेच. अण्वस्त्रांचा प्रसार रोखणं हा त्यांच्या संसदीय कारकिर्दीचा ध्यास होता आणि दोन मतांनी झालेली ती हार त्यांच्या विस्मरणात जाणारी नव्हती.

तीन वर्षांनी काँग्रेसच्या हातातलं ते हत्यारच गेलं, आणि तेही एका अगदी वेगळ्या खटल्यामुळे. केनियात जन्मलेला जगदीश राय चढ्ढा हा भारतीय वंशाचा तरुण विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आला होता. परवान्याची मुदत संपल्यावर त्याला देशाबाहेर घालवण्याची कारवाई सुरू झाली. अधिकाऱ्यांनी ती स्थगित केली, तर प्रतिनिधीगृहाने ठराव करून स्थगितीच रद्द ठरवली. जून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सभागृहांना नुसत्या ठरावाने सरकारचा निर्णय फिरवता येणार नाही. फिरवायचा असेल तर दोन्ही सभागृहांत रीतसर कायदा करा आणि तो राष्ट्राध्यक्षाच्या सहीसाठी पाठवा. यात मोठी मेख आहे. राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या निर्णयाविरुद्धच्या कायद्यावर सही कशाला करेल? तो नकाराधिकार वापरणार, आणि मग काँग्रेसला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं जमवावी लागणार. तारापूरसारखं मतदान करून राष्ट्राध्यक्षाला अडवायची सोपी वाट या निकालाने बंद झाली.

त्याच दशकात पाकिस्तानच्या बाबतीत दुसरा अनुभव आला. १९८५ च्या प्रेसलर दुरुस्तीनुसार पाकिस्तानला मदत द्यायची तर त्याच्याकडे अण्वस्त्र नाही, असं प्रमाणपत्र राष्ट्राध्यक्षाने दरवर्षी काँग्रेसला द्यायचं होतं. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा होत्या, पाकिस्तानची गरज होती, म्हणून प्रमाणपत्रं येत राहिली. सोव्हिएत फौजा गेल्या आणि १९९० मध्ये प्रमाणपत्र थांबलं. कायद्यातला शब्द तोच राहिला, सरकारची गरज तेवढी बदलली. राष्ट्राध्यक्षाच्या हातात विवेकाधिकार ठेवला की तो सोयीने वापरला जातो, या निष्कर्षाला काँग्रेसमधले अनेक जण आले. मला त्यांचा राग समजतो.

या सगळ्या रागातून १९९४ चा कायदा घडला. शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्यात ग्लेन यांनी नवं कलम १०२ घालून घेतलं. अण्वस्त्रधारी म्हणून मान्यता नसलेल्या देशाने अणुस्फोट केला आहे, अशी नोंद राष्ट्राध्यक्षाने केली की सात प्रकारचे निर्बंध आपोआप लागू. आर्थिक मदत बंद, शस्त्रविक्री बंद, लष्करी अर्थसाहाय्य बंद. अमेरिकी सरकारचं कर्ज किंवा कर्जहमी नाही. जागतिक बँकेसारख्या संस्थांत त्या देशाच्या कर्जाला अमेरिका विरोध करणार. अमेरिकी बँकांनी त्या देशाच्या सरकारला कर्ज द्यायचं नाही, आणि ठरावीक तंत्रज्ञानाची निर्यातही बंद. राष्ट्राध्यक्षाला फार तर थोडे दिवस लांबवण्याची मुभा होती. एकदा लागू झाले की उठवण्यासाठी नवा कायदाच लागणार. यामागचा विचार साधा होता. शिक्षा अटळ आहे हे आधीच ठाऊक असेल, तर कुणी चाचणी करणार नाही.

भारताने ११ आणि १३ मे १९९८ ला चाचण्या केल्या. क्लिंटन तेव्हा जर्मनीत होते. १३ मे रोजीच त्यांनी नोंदीवर सही केली. पाकिस्तानने २८ मे रोजी चाचण्या केल्या आणि ३० मे रोजी त्याच्यावरही तेच निर्बंध आले. अटळ शिक्षेच्या धाकाने दोघांपैकी कुणीही थांबलं नाही. पाकिस्तानने तर भारताला झालेली शिक्षा डोळ्यांदेखत पाहून चाचण्या केल्या.

आता अंमलबजावणीचा प्रश्न आला. 'सरकारी कर्जहमी नाही' हे कायद्यात एका ओळीत लिहून होतं, पण ती ओळ परराष्ट्र खातं, अर्थखातं, वाणिज्य खातं, निर्यात-आयात बँक, कृषी खातं अशा अनेक कचेऱ्यांना लागू करावी लागते. सही झालेले करार मोडायचे का? जहाजात चढलेला माल उतरवायचा का? सरकारी मालकीची बँक म्हणजे 'सरकार' का? १९९४ मध्ये मतदान करताना यातल्या कशाचाच कीस पाडलेला नव्हता, कारण हे कलम प्रत्यक्ष वापरावं लागेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. निर्बंधांचा नेमका तपशील परराष्ट्र खात्याने जाहीर केला तो १८ जूनला, सही झाल्यानंतर महिन्याहून अधिक काळाने.

याच छाननीत गव्हाची गाठ सापडली.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. राजधानीचं शहर ते वेगळं. या राज्याच्या पूर्व भागात आणि शेजारच्या ऑरेगन, आयडाहो या राज्यांत मऊ पांढरा गहू पिकतो. तो पावाला फारसा चालत नाही, पण नान-रोटीला उत्तम, म्हणून पाकिस्तान त्याचा मोठा गिऱ्हाईक होता. हा व्यवहार उधारीवर चाले. पाकिस्तानी बँक पतपत्र द्यायची, त्यावर अमेरिकी बँक निर्यातदाराला लगेच पैसे मोकळे करायची आणि पाकिस्तानी बँक ते तीन वर्षांपर्यंत हप्त्यांनी फेडायची. हप्ते बुडाले तर मुद्दलाच्या ९८ टक्क्यांपर्यंत भरपाई अमेरिकेचं कृषी खातं करायचं. या हमीवरच सगळा व्यवहार उभा होता. ती नसेल तर कुठलीही अमेरिकी बँक अशा उधारीला हात लावणार नाही.

कलम १०२ लिहिणाऱ्यांना अन्नधान्य अडवायचं नव्हतं. बँकांच्या कर्जाला बंदी घालणाऱ्या उपकलमात 'अन्नधान्य आणि शेतमाल खरेदीचं कर्ज सोडून' असे शब्द त्यांनी आवर्जून घातले होते. सरकारी कर्जहमीच्या उपकलमात मात्र तसे शब्द नव्हते. म्हणजे बँकेने गव्हासाठी कर्ज द्यायला हरकत नाही, फक्त त्या कर्जाला सरकारने हमी द्यायची नाही. कागदावर गहू मोकळा होता आणि बंदरात अडकलेला होता. दोन उपकलमांची वाक्यं एकमेकांशी ताडून न पाहिल्याचा हा परिणाम. निर्बंधांचे कायदे वाचताना मला हीच जागा सगळ्यांत धोक्याची वाटते. सवलत एका उपकलमात दिलेली असते आणि तिची वाट अडवणारं वाक्य दुसऱ्याच उपकलमात बसलेलं असतं.

जुलैच्या मध्यावर पाकिस्तानची गहू खरेदीची निविदा उघडायची होती. अमेरिका नाही तर ऑस्ट्रेलिया, पांढरा गहू तिथेही मुबलक. मग जे घडलं ते बघण्यासारखं आहे. वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटर पॅटी मरे डेमोक्रॅट होत्या, त्याच राज्याचे स्लेड गॉर्टन रिपब्लिकन. पूर्व वॉशिंग्टनचे खासदार जॉर्ज नेदरकट, गव्हाच्या कॅन्सस राज्याचे पॅट रॉबर्ट्स, आणखी कितीतरी जण पक्ष विसरून एकत्र आले. कृषी खात्याच्या हमीला कलम १०२ मधून वगळणारी दुरुस्ती तयार झाली आणि निविदेच्या आधी तिचा कायदा झाला. सुरुवातीला सांगितलेलं ९८ विरुद्ध शून्य हे मतदान तिचंच.

या मतदानाचं मला समाधान वाटतं आणि खेदही. समाधान अशासाठी, की धान्याला निर्बंधातून वगळणं योग्यच होतं. सरकारने केलेल्या स्फोटाची शिक्षा लाहोरच्या तंदूरवाल्याला होऊ नये. खेद अशासाठी, की ही माणुसकीची तरतूद सुचायला स्वतःच्या मतदारसंघातल्या शेतकऱ्याचं नुकसान व्हावं लागलं. भारत-पाकिस्तानातल्या ज्या प्रकल्पांची कर्जं जागतिक बँकेत अडकली, त्यांच्यासाठी असा धावा कुणी केला नाही. त्यांचं कॅन्ससमध्ये मत नव्हतं.

तरी एकदा कलमाला हात लागला होता, आणि पुढची दुरुस्ती सोपी झाली. सिनेटच्या परराष्ट्र समितीत दक्षिण आशियाचा विषय सांभाळणारे सॅम ब्राउनबॅक हेही कॅन्ससचेच. ग्लेन यांच्या कायद्यासकट भारत-पाकिस्तानला लागू असलेले अणुविषयक निर्बंध राष्ट्राध्यक्षाला एका वर्षापुरते बाजूला ठेवता यावेत, अशी त्यांची दुरुस्ती होती. शस्त्रविक्री त्यात नव्हती. ही दुरुस्ती स्वतंत्र विधेयक म्हणून मंजूर झाली नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये सरकारी खर्चाचं एक अवाढव्य, हजारो पानांचं एकत्रित विधेयक आलं, त्यातल्या कृषी खर्चाच्या भागात ती एक प्रकरण म्हणून बसवली गेली. २१ ऑक्टोबरला तिचा कायदा झाला.

अमेरिकेत ही नेहमीची पद्धत आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय तिथले निर्बंध कसे बदलतात हे कळत नाही. परराष्ट्र धोरणावरचं स्वतंत्र विधेयक समितीत अडकतं, त्याला शंभर फाटे फुटतात. खर्चाचं विधेयक मात्र मंजूर व्हावंच लागतं, नाहीतर सरकारी कचेऱ्या बंद पडतात. म्हणून ज्याला काही बदलायचं असतं तो आपलं कलम खर्चाच्या विधेयकाला जोडतो. काम होतं, पण चर्चा होत नाही. त्या हजारो पानांवर मत देणाऱ्या किती जणांनी भारत-पाकिस्तानचं प्रकरण वाचलं असेल?

शांतपणे फेरविचार करायचा प्रयत्नही त्याच वर्षी झाला होता. इंडियानाचे सिनेटर रिचर्ड लुगर यांनी १९९७ च्या अखेरीस एक विधेयक मांडलं होतं. नवे निर्बंध घालण्याआधी त्यांचा खर्च आणि अपेक्षित परिणाम यांचा अहवाल द्यायचा, सही झालेले करार पाळायचे, अन्न आणि औषधं वगळायची, आणि काँग्रेसने मुद्दाम नूतनीकरण केलं नाही तर दोन वर्षांनी निर्बंध आपोआप संपायचे, असं त्याचं स्वरूप. त्या संपूर्ण काळात यापेक्षा शहाणा मसुदा मला दिसलेला नाही. जुलै १९९८ मध्ये, म्हणजे गव्हाला ९८ मतं पडली त्याच महिन्यात, लुगर यांनी तो दुरुस्ती म्हणून सिनेटपुढे आणला आणि सिनेटने तो बाजूला सारला. त्याच सुमारास मिच मॅकॉनेल आणि जो बायडेन यांच्या नेतृत्वाखाली दोन्ही पक्षांच्या सिनेटरांचा एक अभ्यासगट नेमला गेला. सुनावण्या झाल्या, पण सर्वसंमतीचा आराखडा काही निघाला नाही.

क्लिंटन यांनी मिळालेली सूट नोव्हेंबरमध्येच अंशतः वापरली. निर्यात-आयात बँकेचा व्यवहार आणि अमेरिकी बँकांची कर्जं पुन्हा सुरू झाली. पाकिस्तानची परकीय गंगाजळी आटत आली होती, म्हणून त्याच्यासाठी नाणेनिधीचा अडथळाही दूर झाला. भारताने तोवर स्वतःची सोय केली होती. मुंबईत मुख्यालय असलेल्या स्टेट बँकेने ऑगस्टमध्ये 'रिसर्जंट इंडिया बाँड' काढून परदेशस्थ भारतीयांकडून ४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. डॉलरच्या रोख्यांवर ७.७५ टक्के व्याज द्यावं लागलं, म्हणजे निर्बंधांची किंमत मोजलीच, पण कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

पैशाच्या निर्बंधांना अशी तोड निघाली, तंत्रज्ञानाच्या निर्बंधांना ती सहज निघत नाही. हलक्या लढाऊ विमानासाठी लॉकहीड मार्टिन कंपनीत काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परत यावं लागलं आणि उड्डाण-नियंत्रण प्रणालीचं काम इथे नव्याने उभं करावं लागलं. नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडकले. नोव्हेंबर १९९८ मध्ये वाणिज्य खात्याने दोन्ही देशांतल्या संस्थांची लांबलचक यादी जाहीर केली. तिच्यातल्या संस्थांना परवान्याशिवाय काहीही विकायचं नाही. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र त्या यादीत होतं.

वर्षाची सूट ऑक्टोबर १९९९ मध्ये संपत होती. काँग्रेसला आता फेरविचार करणं भागच होतं, आणि मुदतीच्या कलमाची खरी ताकद हीच. ती घातली की विषय पुन्हा पटलावर येतोच. या वेळी हातात कागदपत्रंही होती. प्रतिनिधीगृहाच्या समितीच्या विनंतीवरून अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने निर्बंधांच्या परिणामांचा अहवाल तयार केला होता. भारताच्या एकूण अर्थव्यवस्थेवर झालेला परिणाम मर्यादित आहे, असं त्यातून दिसत होतं. न्यू जर्सीचे फ्रँक पॅलोन यांच्यासारखे खासदार भारतीय वंशाच्या मतदारांचं म्हणणं मांडत होते. ब्राउनबॅक यांनी आधी पाच वर्षांची स्थगिती मागितली. दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटीत तिचं रूप बदललं आणि राष्ट्राध्यक्षाला कायमचा सूट देण्याचा अधिकार मिळाला. हे कलम कृषी खर्चात नव्हे, संरक्षण खर्चाच्या विधेयकात बसलं आणि २५ ऑक्टोबर १९९९ ला त्याचा कायदा झाला.

त्याच कायद्यात काँग्रेसने आपलं एक मतही नोंदवलं. दोन्ही देशांतल्या जवळपास तीनशे संस्थांना सरसकट काळ्या यादीत टाकणं अमेरिकेच्या हिताचं नाही. ज्यांचा सामूहिक संहाराच्या शस्त्रांशी आणि क्षेपणास्त्रांशी थेट आणि ठोस संबंध आहे, त्यांनाच यादीत ठेवावं. असं मत सरकारवर बंधनकारक नसतं, पण पुढच्या चर्चेत त्याचा दाखला देता येतो. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. भारताचे जसवंत सिंह आणि अमेरिकेचे स्ट्रोब टॅलबट यांच्या चर्चेच्या फेऱ्यांत अमेरिका भारताकडून सर्वंकष चाचणीबंदी करारावर सही मागत होती. १३ ऑक्टोबर १९९९ ला, म्हणजे हा कायदा होण्याच्या बारा दिवस आधी, अमेरिकी सिनेटने तोच करार स्वतःच्या देशासाठी ४८ विरुद्ध ५१ मतांनी नाकारला. त्यानंतर भारतावर निर्बंध टिकवून ठेवण्याच्या युक्तिवादात काय जीव राहिला?

उरलेले निर्बंध २२ सप्टेंबर २००१ ला जॉर्ज बुश यांनी दोन्ही देशांपुरते उठवले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानची गरज पुन्हा निर्माण झाली होती आणि सूट देण्याचा अधिकार कायद्यात तयारच होता. वाणिज्य खात्याच्या यादीतली बरीच नावं वगळली गेली. भाभा अणुसंशोधन केंद्र मात्र राहिलं. त्याचं नाव निघालं १५ जानेवारी २०२५ ला, बायडेन यांची कारकीर्द संपायला पाच दिवस उरले असताना, तेही वाणिज्य खात्याच्या आदेशाने. कायद्यातले निर्बंध काँग्रेसने साडेतीन वर्षांत सैल केले, पण त्यांच्या जोडीने तयार झालेली प्रशासकीय यादी नव्या शतकाची पंचवीस वर्षं पुरली. खासदारांची नजर कायद्यावर असते, यादीवर सहसा नसते.

गव्हाचा धडा नंतर पक्का झाला. ऑक्टोबर २००० मध्ये झालेल्या कायद्याने काँग्रेसच्या संमतीशिवाय अन्न आणि औषधांवर एकतर्फी निर्बंध घालण्याचा राष्ट्राध्यक्षाचा अधिकारच काढून घेतला. असे निर्बंध घातलेच तर दोन वर्षांनी ते आपोआप संपतात. लुगर यांच्या मसुद्यातली मुदतीची कल्पना निदान या दोन वस्तूंपुरती टिकली, आणि तिच्यासाठी प्रतिनिधीगृहात झटणाऱ्यांत पूर्व वॉशिंग्टनचे नेदरकटच पुढे होते.

बाकी क्षेत्रांत काँग्रेस पुन्हा जुन्या वळणावर गेली. २०१७ मध्ये रशिया, इराण आणि उत्तर कोरिया यांच्याविरुद्धचा 'काटसा' हा कायदा प्रतिनिधीगृहात ४१९ विरुद्ध ३ आणि सिनेटमध्ये ९८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. कारण तेच, राष्ट्राध्यक्षावरचा अविश्वास. रशियावरचे महत्त्वाचे निर्बंध सैल करण्याआधी राष्ट्राध्यक्षाने काँग्रेसला कळवायचं आणि काँग्रेसने ठरावीक दिवसांत त्याची छाननी करायची, अशी तरतूद त्यात होती. जानेवारी २०१९ मध्ये तिची परीक्षा झाली. रशियातल्या रुसाल या ॲल्युमिनियम कंपनीवरचे निर्बंध उठवण्याला प्रतिनिधीगृहाने ३६२ विरुद्ध ५३ मतांनी विरोध केला. सिनेटमध्ये ठराव पुढे न्यायला ६० मतं लागत होती, पडली ५७. तीन मतं कमी पडली आणि निर्बंध उठले. तारापूरच्या वेळीही अंतर असंच थोडं होतं.

याच कायद्याच्या कलम २३१ खाली रशियाकडून मोठी शस्त्रखरेदी करणाऱ्या देशांवरही निर्बंध येतात. भारत एस-४०० ही हवाई संरक्षण प्रणाली घेण्याच्या बेतात होता. ऑगस्ट २०१८ मध्ये संरक्षणविषयक वार्षिक कायद्यातून काँग्रेसने राष्ट्राध्यक्षाचा सूट देण्याचा अधिकार थोडा रुंद केला, आणि ऑक्टोबरमध्ये दिल्लीत सुमारे ५.४ अब्ज डॉलरच्या खरेदीवर सह्या झाल्या. तीच प्रणाली घेतल्याबद्दल तुर्कस्तानवर डिसेंबर २०२० मध्ये निर्बंध आले. भारताला पहिली खेप २०२१ च्या अखेरीस मिळू लागली, पण निर्बंध आले नाहीत. जुलै २०२२ मध्ये खासदार रो खन्ना यांची भारताला सूट देण्याचा आग्रह करणारी दुरुस्ती प्रतिनिधीगृहात मंजूर झाली, अंतिम कायद्यात ती राहिली नाही. भारताला लेखी सूट न मिळताच हा व्यवहार पुढे गेला.

आपल्या संसदेचीही गोष्ट सांगायला हवी, कारण निर्बंध आपणही राबवतो. भारत एकतर्फी निर्बंध मानत नाही, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे मानतो, आणि १९४७ च्या एका छोट्या कायद्याने केंद्र सरकारला त्यांच्या अंमलबजावणीचे आदेश काढता येतात. सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा २००५ चा कायदा आहे, त्यात अशा शस्त्रांना पैसा पुरवण्याबद्दल स्वतंत्र तरतूद नव्हती. ५ एप्रिल २०२२ ला परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी दुरुस्ती विधेयक मांडलं. त्याने नवं कलम १२-अ आलं आणि अशा व्यवहारांतला पैसा, मालमत्ता गोठवण्याचा, जप्त करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने ते मंजूर केलं, १ ऑगस्टला राज्यसभेने. अशा पैशाच्या वाटांवर नजर ठेवणाऱ्या पॅरिसच्या वित्तीय कृती दलाकडून (एफएटीएफ) भारताची तपासणी व्हायची होती. त्यांचं पथक नोव्हेंबर २०२३ मध्ये येऊन गेलं आणि अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुरुस्ती गरजेची होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कुणाचंही खातं गोठवू शकणारं कलम एका दिवसात लोकसभेतून जावं, स्थायी समितीपुढे बँका, निर्यातदार आणि वकील यांना बोलावून त्याची उपकलमं ताडून पाहिली जाऊ नयेत, हे मला पटत नाही. या कलमाखाली किती खाती गोठवली, किती चुकून गोठवली आणि ती किती दिवसांत मोकळी केली, याचा हिशोब सरकारने दरवर्षी सभागृहापुढे ठेवावा, अशी मागणी कुठल्याही खासदाराला येत्या अधिवेशनातही करता येईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, एक खासगी विधेयक पुरतं.